पाहणी आणि फेरपाहणी : पुण्यातील विद्यार्थी-प्रबंधांची प्रस्तावना

पदवीसाठी विद्यार्थ्याने एखादा प्रश्न स्वतः तपासून लिहिलेले आणि परीक्षकांपुढे तोंडी टिकवून दाखवलेले लेखन म्हणजे प्रबंध. एम.ए.च्या पातळीवर त्याला लघुप्रबंध म्हणतात, अभियांत्रिकीत प्रकल्प म्हणतात, वास्तुरचनेच्या वर्गात नुसते ‘थीसिस’ म्हटले की भागते. नाव कोणतेही असो, जाड पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे उमटवून बांधलेले हे ग्रंथ पुण्यात दरवर्षी ढिगाने तयार होतात. त्यांतल्या बहुतेकांना तीनच वाचक लाभतात : मार्गदर्शक, बाहेरून आलेला परीक्षक आणि काही वर्षांनी तोच विषय घेणारा दुसरा विद्यार्थी. यांपैकी तिसऱ्या वाचकाला प्रबंधाची खरी गरज असते आणि प्रबंध लिहिताना त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो.

सामाजिक शास्त्रे, तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास ही विद्यापीठात तीन वेगळी दालने आहेत. त्यांच्या इमारती वेगळ्या, परीक्षक वेगळे, प्रबंध लिहिण्याची रीतही वेगळी. पुणे शहराचे प्रश्न मात्र असे वाटलेले नाहीत. कचरा, पाणी, वाहतूक, टेकड्या, नदी यांतला कोणताही विषय घेतला की तिन्ही दालनांची दारे ठोठावावी लागतात. ही गोष्ट नवी नाही. ज्या काळी ‘आंतरविद्याशाखीय’ हा लांबलचक शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, त्या काळातही पुण्याच्या आसपास असे काम होत होते.

पेशवाई संपल्यावर थोड्याच वर्षांत थॉमस कोट्स या पुण्यातील इंग्रज शल्यवैद्याने जवळच्या लोणी (म्हणजे लोणीकंद) गावाची पाहणी केली. जमीन, पिके, घरे, बलुतेदार, खाणेपिणे, कर्ज यांची त्याने केलेली नोंद १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली गेली. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा नव्याने अभ्यास केला आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. लोणीकंद तेव्हा आणि आता, अशी त्याची मांडणी आहे. कोट्सला समाजशास्त्र हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने काय मोजले आणि काय पाहिले ते नीट लिहून ठेवले होते, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी आलेल्या अभ्यासकाला तुलनेसाठी पाया मिळाला.

पिंपळे सौदागरचे उदाहरण त्याहून बोलके आहे. हॅरोल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करून ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती आणि खते हा त्यांचा विषय. पण शेतकरी गरीब का राहतो, याचे उत्तर मातीच्या नमुन्यात सापडत नाही हे लक्षात आल्यावर ते गावातल्या घराघरांत शिरले. पवनेकाठच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक आकडा पुढे देशभर उद्धृत झाला. या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१५च्या सुमारास ७ एकर. जमीन वाटत वाटत जाते हे गावातल्या कोणालाही माहीत होते. किती आणि किती काळात, हे मान यांनी दाखवले. त्यानंतर न. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास केला. पिंपळे सौदागरची फेरपाहणी पु. द. डिस्कळकर यांनी केली आणि ती १९६० मध्ये आली. लोणीकंदची आणि पिंपळे सौदागरची फेरपाहणी एकाच वर्षी प्रसिद्ध व्हावी हा योगायोग असेल, पण त्यातून पुण्याच्या संशोधनाचा एक स्वभाव दिसतो : पूर्वी कोणी पाहिलेल्या जागी पुन्हा जाणे.

शहराच्या बाबतीत हेच काम गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले. ही संस्था ६ जून १९३० रोजी स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळांची स्वतःची ओळख एका विद्यार्थी-प्रबंधाने झाली होती. केंब्रिजमध्ये एम.लिट.साठी त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे अनेक दशके अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिला. पुण्यात आल्यावर त्यांनी ग्रंथालयातल्या कागदांवर न थांबता शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान युद्ध आणि फाळणी होऊन गेली, शहरात कारखाने आले, विस्थापितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. म्हणून सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्याची फेरपाहणी केली, ती १९५६ची. रोजगार आणि कमाई कशी बदलली, हे पहिल्या पाहणीच्या आधारामुळेच सांगता आले.

प्रबंधातून विद्यार्थ्याने काय शिकावे, याचा दुसरा धडा मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधल्या कामात आहे. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहून त्या जर्मनीला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशास्त्राचे मोठे नाव होते आणि मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असणार, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे लिहून १९३०ची डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शकाला हवे ते उत्तर आकडे देत नसतील तर आकड्यांचे ऐकायचे, हे परक्या देशात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने त्या काळात करून दाखवले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची जी पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली, ती १९६९ मध्ये छापली गेली. धरण ही अभियंत्यांची कामगिरी. त्याची किंमत कोणी मोजली हे मानवशास्त्राने नोंदवले.

प्रबंध धोरणापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण शोधायचे तर बाबासाहेब आंबेडकरांकडे जावे लागते. लंडनच्या डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी त्याच विषयावर आपली मते मांडली. अशी संधी क्वचितच येते. त्यामुळे प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी ‘शासनास शिफारशी’ असे प्रकरण जोडण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यात हौसेचा भाग मोठा आहे.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत पुण्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयुका, आयसर अशा संस्था येत गेल्या आणि शहरातल्या संशोधनाचे वजन विज्ञानाकडे झुकले. तंत्रज्ञानाची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गातून वाढले. तिथल्या विद्यार्थ्यांचे एक काम या प्रस्तावनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये हाती घेतला आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ यानातून तो अवकाशात गेला. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली रेखाटने केली ते उड्डाणाच्या दिवशी महाविद्यालयात नव्हते. प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला कागद, चाचण्यांच्या नोंदी आणि चुका सोपवल्या, म्हणून उपग्रह पूर्ण झाला. याच्या शेजारी अंतिम वर्षाचा नेहमीचा प्रकल्प ठेवून पाहावा. चार जणांचा गट, दोन सत्रे, एक चालते मॉडेल, एक अहवाल. सादरीकरण झाले की मॉडेल कपाटावर जाते आणि पुढच्या वर्षीचा गट तोच ‘स्मार्ट’ डबा किंवा तीच मातीतला ओलावा मोजणारी यंत्रणा पहिल्यापासून बनवतो. तयार प्रकल्प विकणारी दुकानेही आहेत, याची कल्पना परीक्षकांना नसते असे नाही.

शाश्वत विकास हा तिसरा विषय वयाने सर्वांत लहान. १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने हा शब्द जगभर नेला. पुण्यात प्रकाश गोळे यांची इकॉलॉजिकल सोसायटी १९८२ पासून काम करत होती आणि त्याही आधी, सत्तरच्या दशकात, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता. देवराई टिकली ती वनखात्यामुळे नव्हे, देवाच्या धाकामुळे आणि गावाच्या नियमामुळे. तिच्यातली झाडे मोजायला वनस्पतिशास्त्र लागते, ती का उभी आहेत हे कळायला समाजशास्त्र. शाश्वततेच्या विषयाचा हा स्वभावच आहे. म्हणून या क्षेत्रातले प्रबंध चांगले निघाले तर फार चांगले निघतात आणि फसले तर दोन्ही बाजूंनी कच्चे राहतात : मोजमाप जुजबी आणि माणसे फक्त टक्केवारीत.

कचऱ्याचा प्रश्न हे याचे पुण्यातले सर्वांत समृद्ध उदाहरण. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. दुसरीकडे रस्त्यावरून भंगार आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित समाजातल्या स्त्रिया शहराचा भार कमी करत होत्या. त्यांची गणना कोणत्याही खात्यात नव्हती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातील प्रौढ शिक्षण विभागाचे लोक त्यांच्या वस्त्यांत शिकवायला गेले आणि त्या संपर्कातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेची ओळखपत्रे महापालिकेने १९९६ मध्ये मान्य केली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा गोळा करायचा, घरटी शुल्क घ्यायचे, भंगाराचे उत्पन्न वेचकाचे, अशी ही व्यवस्था. मधल्या काळात लक्ष्मी नारायणन, पौर्णिमा चिकरमाने आणि मेधा देशपांडे यांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेल्या अभ्यासाने वेचकांच्या श्रमाचे आर्थिक मोल मांडले. शहराचा किती खर्च या बायका वाचवतात, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत आला.

आता याच विषयावर तीन विद्यार्थी बसले आहेत असे धरावे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी ओल्या कचऱ्यापासून किती बायोगॅस निघतो ते मोजतो. पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी डेपोतून झिरपणाऱ्या पाण्याचे नमुने घेते. समाजशास्त्राची विद्यार्थिनी वेचक बायकांच्या मुलाखती घेते. पहिल्याच्या प्रबंधात गॅस अपेक्षेपेक्षा कमी निघतो आणि तो यंत्रात दोष शोधत राहतो. दोष बहुधा यंत्रात नसतो. कचरा मिसळलेला येतो, त्यात प्लास्टिक असते, कारण चौथ्या मजल्यावरच्या घराने दोन डबे ठेवायला नकार दिला आणि खालची वेचक बाई त्या घराशी वाद घालू शकत नाही. यंत्राची कार्यक्षमता अशी जिन्यात ठरते. हे वाक्य तिसऱ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात सापडू शकते. पहिल्याने तो वाचलेला नसतो. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातल्या पिष्टमय उष्ट्यावर चालणारा छोटा बायोगॅस बनवला. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला तो नुसत्या रसायनासाठी नव्हे, शहरी घरात शेण कुठून आणायचे हा साधा प्रश्न संस्थेने विचारात घेतला होता म्हणून.

पाण्याचेही तसेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे शहराला पाणी देतात आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरच्या कालव्याचा हक्क आहे. शहर वापरलेले पाणी मुळा-मुठेत सोडते, ती रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि भीमा ते उजनी धरणात नेते. गळती मोजणारा प्रबंध, टँकरचे अर्थशास्त्र सांगणारा प्रबंध, बेसाल्ट खडकातल्या भूजलाचा प्रबंध हे सगळे एकाच प्रवाहावर वेगवेगळ्या ठिकाणी उभे असतात. नदीच्या बाबतीत पुण्याकडे एक दुर्मीळ ठेवा आहे. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली होती. वाघ आणि घाटे यांनी २००३ मध्ये मुळा-मुठेच्या माशांची नवी यादी प्रसिद्ध केली, तेव्हा जुन्या यादीतले काही मासे सापडले नाहीत. नदी बिघडली हे नाकाने कळते. काय काय गेले हे जुन्या यादीमुळेच कळले.

प्रबंधाची आजची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ठरते. २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवणे आवश्यक आहे. सबमिशनपूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती या नियमांनी काढली आणि एम.फिल. बंद केले. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट पाहता सक्ती गेली ते बरे झाले. वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम २०१८चे : साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई. या आकड्याचा एक विचित्र परिणाम झाला. साम्य कमी व्हावे म्हणून वाक्ये मोडून-तोडून लिहिली जातात आणि विचार मात्र उसनाच राहतो. तो पकडणारे सॉफ्टवेअर नाही.

सामाजिक शास्त्रांत सध्याचा सर्वांत मोठा कच्चा दुवा नमुन्याचा आहे. प्रश्नावली गूगल फॉर्ममध्ये तयार होते आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरते. भरणारे बहुतेक मित्र, वर्गमित्र, नातेवाईक. मग ‘पुणे शहरातील नागरिकांचे मत’ असे शीर्षक असलेल्या प्रबंधात कोथरूड-कर्वेनगरच्या पंचविशीतल्या मुलांचे मत असते. जनता वसाहतीतली, ताडीवाला रोडवरची माणसे त्यात नसतात, कारण त्यांच्यापर्यंत चालत जावे लागते. उलट काही वस्त्या विद्यापीठाच्या जवळ किंवा संस्थांच्या ओळखीच्या आहेत म्हणून तिथे पुन्हा पुन्हा विद्यार्थी जातात आणि ‘मागच्यांनी काय केले ते आधी सांगा’ असे तिथल्या बायका विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. माहिती मराठीत घेतली जाते, प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो आणि उत्तर देणाऱ्याला तो वाचता येत नाही. इतिहास, राज्यशास्त्र अशा विषयांत मराठीतून लिहिलेले प्रबंध आहेत. तंत्रज्ञानात मराठी सारांशाची दोन पानेही आढळत नाहीत.

संशोधनाला वेळ लागतो आणि वेळेला पैसा. बार्टी आणि सारथी या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या दोन्ही सरकारी संस्थांची मुख्यालये पुण्यात आहेत. त्यांच्या अधिछात्रवृत्तीवर अनेक पहिल्या पिढीचे संशोधक उभे आहेत. घरात याआधी कोणी पदवीधर नसताना पाच-सहा वर्षे वाचन आणि फील्डवर्क करता येते ते या आधारावर. शिष्यवृत्तीचे हप्ते रखडले की आधी फील्डवर्क थांबते; ग्रंथालयातले काम त्यातल्या त्यात स्वस्त. या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यांतले विषय आणले, ऊसतोड, पारधी वस्त्या, पाणलोट, आश्रमशाळा, आणि पुण्याच्या प्रबंधांचा नकाशा त्यामुळे पेठांच्या बाहेर गेला.

प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात, त्यामुळे तिसऱ्या वाचकाची थोडी सोय झाली आहे. परंतु तिथे पोहोचते ते फक्त निष्कर्षांचे पुस्तक. भरलेल्या प्रश्नावल्या, नमुना कसा निवडला त्याची यादी, पाण्याचे नमुने नेमके कोणत्या पुलाखाली आणि कोणत्या तारखेला घेतले, उपकरण कोणते होते, हे सगळे पदवी मिळाल्यावर रद्दीत जाते किंवा जुन्या लॅपटॉपबरोबर नाहीसे होते. माणसांची नावे गुप्त ठेवायलाच हवीत. जागा, तारीख, माप आणि प्रश्नांचे मूळ शब्द गुप्त ठेवण्याचे कारण नाही. ते जपले तर आजचा साधा लघुप्रबंधही चाळीस वर्षांनी फ्रेझरच्या यादीसारखा उपयोगी पडेल. मार्गदर्शकांनी ‘हा विषय आधी झाला आहे’ म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवण्याऐवजी ‘तो कुठे झाला होता, तिथेच जा’ असे सांगायला हरकत नसावी.

पिंपळे सौदागरच्या दुसऱ्या पाहणीला साठहून अधिक वर्षे झाली. गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, मान यांनी मोजलेल्या शेतांवर उंच इमारती आहेत आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारे अनेक जण त्यांत राहतात. त्यांच्या सदनिकांच्या खरेदीखतांत शेताचा सर्व्हे नंबर अजून लिहिला जातो.